इंग्रजीच्या पुस्तकातली संस्कृती: सणांच्या धड्यात शोधू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जव्हार तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही दुसरी-तिसरीला इंग्रजी शिकवता. तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढच्या शिक्षण परिषदेत ‘इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील संस्कृती’ या विषयावर तुम्हाला बोलायचं आहे आणि सहकाऱ्यांमध्ये दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, बर्फ, केक आणि लंडनचा पूल काढा, दिवाळी आणि मोदक घाला. दुसऱ्याचं म्हणणं, भाषा इंग्रजांची तर संस्कृतीही त्यांचीच येणार, उगाच कशाला अंगाला लावून घ्यायचं.

इंग्रजीच्या शिक्षकांची प्रशिक्षणं घेण्यात आणि पुस्तकांची हस्तलिखितं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा वाद प्रत्येक अभ्यासक्रम-बदलाच्या वेळी नव्याने होतो. माझ्या मते दोन्ही तट चुकीच्या पानावर बोट ठेवतात. सहा-सात वर्षांच्या मुलापर्यंत संस्कृती पोचते ती चित्रातून, कोण कोणाशी कसं बोलतं यातून आणि सगळ्यात जास्त धड्याखालच्या प्रश्नांतून. सण हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग, पण सापडायला सोपा, म्हणून सगळे तिथेच थांबतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, परिषदेत कोणीतरी विचारणारच. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या नावाची इंग्रजी वाचनमाला चालायची. तेव्हा इंग्रजीबरोबर इंग्रजांची नीती आणि रीतही शिकवायची हे उघडच होतं, कोणी लपवत नव्हतं. 1967 मध्ये बालभारती सुरू झाली. पुढे 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आलं. हा बदल लहान नव्हता. पाचवीच्या मुलाला ‘इंग्लंडमध्ये असं करतात’ हे सांगून कळतं. पहिलीच्या मुलाला इंग्लंड आणि पुढचं गाव सारखंच लांब. त्याच्यासाठी पुस्तकात जे आहे ते ‘जग असं असतं’ म्हणून येतं. म्हणून लहान मुलांच्या पुस्तकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

या विषयातले अभ्यासक एक ढोबळ विभागणी वापरतात. मार्टिन कोर्टाझी आणि लिशिअन जिन यांनी 1999 मध्ये ती मांडली: पुस्तकातली संस्कृती शिकणाऱ्याची स्वतःची असेल, ज्यांची ती भाषा त्यांची असेल, किंवा जगभरच्या इतर लोकांची असेल. भाषणात ही विभागणी जरूर सांगा, पण तिच्यावर विसंबू नका. आपल्याकडे ‘स्वतःची’ म्हणजे नक्की कोणाची, हाच कळीचा प्रश्न आहे. पुस्तकातलं ‘आपलं’ घर बघा. चौघांचं कुटुंब, बाबा वर्तमानपत्र वाचतायत, आई स्वयंपाकघरात, मुलाच्या हातात बॅट, मुलगी झाडांना पाणी घालतेय. नावं मराठी, साडी नऊवारी नसली तरी साडीच. हे घर लंडनचं नाही हे खरं, पण मोखाड्याचं, गेवराईचं किंवा लालबागच्या चाळीतलंही नाही.

‘माय हाउस’ हा धडा म्हणूनच मला सगळ्यात जास्त सांस्कृतिक वाटतो, त्यात एकही सण नसला तरी. ड्रॉइंग रूम, बेडरूम, किचन, बाथरूम ही यादी मुलं पाठ करतात. ज्याचं घर एका खोलीचं आहे, किंवा जो ऊसतोडीच्या हंगामात आईबापाबरोबर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहून आलाय, तो या यादीतून शब्द शिकतो आणि त्याबरोबर आपल्या घरात काय काय नाही हेही शिकतो. यावर उपाय म्हणून ओसरी, माजघर, पडवी असे शब्द घालावेत असं कोणीतरी सुचवेल. तेही जुन्या वाड्याचंच घर झालं. साधा उपाय असा की खोल्यांची नावं विचारायचीच नाहीत. ‘व्हेअर डू यू स्लीप? व्हेअर डू यू ईट? व्हेअर डज युवर ग्रँडमदर सिट?’ असं विचारा. झोपायला, जेवायला आणि आजीला बसायला प्रत्येक घरात जागा असते. शब्दही तेवढेच होतात आणि कोणी कमी पडत नाही.

आता तुमच्या भागातलंच उदाहरण घेऊ. डुकराची तीन पिल्लं आणि लांडगा ही गोष्ट इंग्रजीच्या पुस्तकांत जगभर असते. एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पहिलीच्या ‘मेरिगोल्ड’ या पुस्तकातही ती होती आणि ते पुस्तक 2006 पासून बरीच वर्षं देशभर चाललं. परकी गोष्ट म्हणून तिच्यावर कोणी आक्षेप घेतलेला मी ऐकला नाही, कारण तिच्यात बर्फ नाही की चर्च नाही. पण गोष्ट सांगते काय? गवताचं घर बांधतो तो आळशी, काटक्यांचं बांधतो तो थोडा कमी आळशी, विटांचं बांधतो तो शहाणा. तुमच्या वर्गातली किती मुलं कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या घरातून येतात? त्यांच्या बापाने जंगलातून कारवी आणून, विणून, लिंपून भिंत उभी केलेली असते. ते काम आळशाचं नव्हे. एप्रिलमध्ये त्या घरात दुपारी माणूस झोपू शकतो आणि पत्र्याच्या घरात बसवतसुद्धा नाही, हे मुलांना पक्कं माहीत असतं.

म्हणून गोष्ट गाळा असं मी म्हणणार नाही. मुलांना ती आवडते, ‘आय विल हफ अँड आय विल पफ’ म्हणताना वर्ग डोक्यावर घेतात, आणि तेच वाक्य दहा वेळा येत असल्याने भाषेच्या दृष्टीनेही ती फार सोयीची आहे. फक्त शेवटी ‘विच हाउस इज गुड?’ या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर धरू नका. ‘विच हाउस इज कूल इन समर? हू मेड युवर हाउस?’ हे दोन प्रश्न जोडा. दुसऱ्या प्रश्नावर हात वर करणारी मुलं एरवी इंग्रजीच्या तासाला मागे बसणारी असतात, असा माझा अनुभव आहे.

ही प्रश्नांची बाजू मी इतकी लावून धरतोय कारण पुस्तकनिर्मितीत सगळं लक्ष धड्यावर जातं. धडा निवडताना समिती दोन-दोन दिवस भांडते आणि स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात उरकले जातात. छपाईची तारीख डोक्यावर असते. त्यामुळे आठवडी बाजाराचा छान, अस्सल गावातला धडा असतो आणि खाली प्रश्न येतात: मीना कुठे गेली? तिने काय विकत घेतलं? पिशवीचा रंग कोणता? बाजार आपला, पण मूल त्यात कुठेच नाही.

बाजाराच्या धड्यात आणखी एक गंमत आहे, ती मात्र परिषदेत नक्की सांगा. पाठ्यपुस्तकातलं मूल नेहमी गिऱ्हाईक असतं. आईचा हात धरून येतं, टोमॅटो घेतं, फुगा घेतं, घरी जातं. विकणारा माणूस टोपलीमागे बसलेला, बहुधा म्हातारा, त्याला नाव नसतं. तुमच्या मुलांच्या घरची माणसं बाजारात टोपलीच्या कुठल्या बाजूला बसतात? जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याची शेती आहे. पहाटे कळ्या खुडून त्या दादरच्या फुलबाजाराकडे रवाना होतात. करवंदं, जांभळं, रानभाज्या विकणाऱ्या बायका म्हणजे याच मुलांच्या आया आणि आज्या. तेव्हा नाट्यीकरण करताना मुलाला विक्रेता करा. त्याला लागणारी इंग्रजी वेगळी आहे: ‘ट्वेंटी रुपीज. टेक टू. फ्रेश फ्रॉम द फार्म. नो, नॉट टेन!’ घासाघीस करताना मुलं इंग्रजीत न शिकवलेली वाक्यंही जोडून बसतात. चुकतात, चुकू द्या.

बोलण्याच्या रीतीचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. पुस्तकातल्या संवादात राहुल आईला म्हणतो, ‘थँक यू, मदर.’ नावं, कपडे, ताट, सगळं मराठी. वागणं मात्र आपल्या घरचं नाही. हा संवाद वर्गात करायला लावला की मुलं हसतात. बरेच शिक्षक त्यांना गप्प करतात. त्या हसण्याला हात घाला. मराठीत विचारा, घरी आईने पाणी दिलं तर तुम्ही काय म्हणता? ‘काहीच नाही.’ मग तुम्हाला बरं वाटलं हे तिला कसं कळतं? इथे मुलं विचारात पडतात. कोणी म्हणेल मी भांडं जागेवर ठेवतो, कोणी म्हणेल मी तिला मुळा निवडायला मदत करतो. मग सांगा की इंग्रजी बोलणारी बरीच माणसं हे घरातही तोंडाने म्हणतात, आणि आपल्याकडे दुकानदाराला, पाहुण्याला, डॉक्टरांना इंग्रजीत म्हटलं तर चांगलं दिसतं. मायकेल बायरम या ब्रिटिश अभ्यासकाने 1997 मध्ये याच गोष्टीवर भर दिला होता: दुसऱ्या समाजाची माहिती असणं पुरेसं नाही, आपली रीत आणि त्यांची रीत शेजारी ठेवून बघण्याची सवय लागली पाहिजे. सात वर्षांच्या मुलात ती सवय लावायला एवढा एक संवाद पुरतो.

हे बोलणं मराठीत होईल, किंवा तुमच्याकडे वारली आणि मराठी मिसळून. होऊ द्या. इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारली तर पाप लागतं अशी भीती आपल्या शिक्षकांच्या मनात कोणी घातली कोण जाणे. दुसरीच्या मुलाजवळ इंग्रजीचे दोन-तीनशे शब्द असतात. त्यांत चर्चा होत नाही. पाच मिनिटं त्याच्या भाषेत विचार, मग एक वाक्य इंग्रजीत, हा व्यवहार मला योग्य वाटतो.

बालगीतांचं काय, हे तुम्ही खास विचारलं आहे. पावसाला ‘जा’ म्हणणारं इंग्रजी गाणं आणि ‘ये रे ये रे पावसा’ ही तुलना आता घासून गुळगुळीत झाली आहे, परिषदेत कोणीतरी ती करेलच. त्यांना करू द्या आणि तुम्ही पुढचं सांगा. दोन्ही गाणी एकाच तासाला म्हणून घ्या. एकातलं मूल पावसाला हाकलतं. दुसऱ्यातलं त्याला पैशाचं आमिष दाखवतं, तोही खोटा, आणि पाऊस फसून येतो. तिकडच्या मुलाला पाऊस नको का असेल, हे मुलांना अंदाजाने सांगू द्या. तुमच्या तालुक्यातल्या मुलांना तर दोन्ही बाजू कळतील. जुलैत आठवडाभर घराबाहेर पडता येत नाही आणि मार्चनंतर पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं.

काळ्या मेंढीचं गाणं घ्या. माणदेशात, सांगोला-आटपाडी-जत पट्ट्यात धनगरांची मुलं वर्गात असतात. त्यांच्या घरी दख्खनी मेंढ्या, बऱ्याचशा काळ्या. लोकर वर्षातून दोनदा कातरतात, सणगर तिची घोंगडी विणतात. आता त्या लोकरीला कातरणीची मजुरी सुटेल एवढाही भाव येत नाही. त्या वर्गात ‘तीन पोती लोकर’ हा वाक्प्रचार नसतो, तो घरचा हिशेब असतो. गाण्यात पहिलं पोतं मालकाला जातं, दुसरं मालकिणीला, शेवटचं गल्लीतल्या पोराला. तुमच्याकडे लोकर कोणाला जाते, असं विचारलं की ज्याला वर्षभर इंग्रजीत गप्प पाहिलं तो पोरगा सगळ्यांना शिकवायला लागतो. परकं म्हणून हे गाणं काढून टाकणारा माणूस त्या मुलाचंच नुकसान करतो. पण इथे जपावंही लागतं. एकदा उत्तर दिलं म्हणून मेंढीचा विषय निघाला की दर वेळी त्यालाच उभं करायचं, हे नको. त्याला विमानावरही बोलायचं असतं.

सलीम आणि जॉनचं याच धर्तीवर बघा. पुस्तकात त्यांची नावं असतात, समिती त्याबाबत दक्ष असते. पण सलीम ईदच्या धड्यात येतो आणि जॉन नाताळला केक घेऊन येतो, बाकी वर्षभर दोघे गायब. सलीमचा पतंग कटतो का, त्याची बेरीज चुकते का, तो गुरुजींना कोडं घालतो का, हे तपासा. मुलींचंही तसंच. अलीकडे चित्रांत फरक पडतोय. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं आणि त्याची बातमी झाली. एका चित्राची बातमी व्हावी, यावरून आधीची पुस्तकं कशी होती ते कळतं.

सगळ्यात मोठी गोष्ट जी पुस्तकात नसते ती ताटात दिसते. जगभर विकल्या जाणाऱ्या इंग्रजी पुस्तकांचे प्रकाशक राजकारण, दारू, धर्म, डुकराचं मांस असे विषय टाळतात, हे त्या व्यवसायात उघड आहे. आपल्याकडची टाळाटाळ वेगळी. ‘एफ फॉर फिश’ मासा पाण्यात पोहतो, ताटात कधी येत नाही. अंडं असतं ते कोंबडीच्या शेजारी. ‘फूड’च्या धड्यात पोळी-भाजी, वरण-भात, फळं आणि दूध. ज्वारीची भाकरी आता कुठे कुठे आली आहे, नाचणीची क्वचित. बोंबील, सुकट, खेकडे, मटण हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं जेवण, पण पुस्तकाच्या दृष्टीने ते जेवणच नाही. लेखक-संपादक सगळे शाकाहारी असतात असं मुळीच नाही. वाद नको म्हणून सोपं ते निवडलं जातं, आणि वाद नकोत या कारणाने गाळलेली गोष्ट मुलाला ‘हे शाळेत बोलायचं नसतं’ असं शिकवते. माझं मत स्पष्ट आहे: मुलाने ‘आय लाइक क्रॅब’ म्हटलं तर फळ्यावर लिहा, ‘आय लाइक अॅपल’ लिहिता तितक्याच सहजपणे.

वाढदिवसाच्या धड्याबद्दल मात्र मी कडक आहे. केक, मेणबत्त्या, भेटवस्तू, आणि खाली प्रश्न ‘तुला वाढदिवसाला काय मिळालं?’ हा प्रश्न वर्गात उघड विचारूच नका. ज्या राज्यात शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म 1 जूनला झालेला असायचा, तिथे ‘व्हेन इज युवर बर्थडे?’ ला घोकलेलं उत्तर येणार. महिन्यांची नावं शिकवायचीच असतील तर भात कधी लावतात, बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव कधी असतो, शाळा कधी सुरू होते, यावरून शिकवा. ऋतूंचंही तेच. चार ऋतूंचं गाणं शिकवायला हरकत नाही, पण खिडकीबाहेर तीनच दिसतात हे मुलाने म्हटलं तर त्याचं बरोबर आहे.

आता पुस्तकांच्या नावांवरून जो वाद झाला त्याबद्दल दोन वाक्यं, कारण तो परिषदेत निघेलच. एनसीईआरटीने 2023 पासून इंग्रजीच्या पुस्तकांना ‘मृदंग’, ‘संतूर’, ‘पूर्वी’ अशी नावं दिली आणि 2025 मध्ये केरळच्या शिक्षणमंत्र्यांनी त्याला हरकत घेतली. हिंदी लादण्याचा तो प्रश्न राजकीयदृष्ट्या खरा आहे, पण वर्गात मुलापुढे मुखपृष्ठ दहा सेकंद असतं. मृदंग नावाच्या पुस्तकातही मूल नुसतं गिऱ्हाईकच असू शकतं.

‘भाषा ज्यांची, संस्कृती त्यांची’ म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना एक विचारा. तुमच्या वर्गातलं मूल मोठं झाल्यावर पहिलं इंग्रजी कोणाशी बोलेल? बहुधा वापीच्या कारखान्यातल्या तमिळ सुपरवायझरशी, नाहीतर नागालँडहून आलेल्या नर्सशी. नागालँडची तर इंग्रजी राजभाषाच आहे. इंग्रजीच्या पुस्तकात मला लंडनपेक्षा कोहिमा आणि मदुराई जास्त दिसायला हवीत. तिथली मुलं डब्यात काय नेतात, पाऊस पडला की काय खेळतात, मोठ्यांना काय म्हणून हाक मारतात. हा भाग आजच्या पुस्तकांत फार तुटपुंजा आहे, आणि असला तर नकाशा, नाचाचा पोशाख आणि एक वाद्य एवढाच. हाँगकाँगमधल्या शालेय पुस्तकांवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं: परक्या समाजांबद्दल सर्वाधिक जागा वस्तूंना मिळते.

याची उलटी बाजू बघायची असेल तर अमेरिकेतल्या मराठी शाळांमधल्या पालकांशी बोला. तिथल्या मुलांना मराठी शिकवताना विहीर, मोट, बैलगाडी येते आणि न्यू जर्सीतलं मूल विचारतं, हे कुठे असतं? आपल्यालाही आता मोट दिसत नाही, हे पालक त्याला सांगत नाहीत.

परिषदेसाठी माझी सूचना अशी की सगळं पुस्तक तपासायला घेऊ नका, तासाभरात काही हाती लागणार नाही. एकच धडा छापून घेऊन जा, शक्यतो ज्यात सण नाही असा. आधी मजकूर झाकून फक्त चित्रं बघायला सांगा, कारण मुलं तशीच बघतात. कोण उभं आहे, कोण बसलंय, कोणाच्या पायात चपला आहेत, काम कोण करतंय. मग संवादात पहिलं वाक्य कोण बोलतं आणि प्रश्न विचारायचा हक्क कोणाला आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी मोठी माणसं विचारतात आणि मुलं उत्तर देतात. शेवटी प्रत्येक गटाने धड्याखालचे फक्त दोन प्रश्न बदलायचे, अट एवढीच की वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे त्याचं खरं उत्तर असलं पाहिजे. अभ्यासक्रमाला, तासिकांना, आकारिक चाचणीला कुठेही धक्का लागत नाही, त्यामुळे केंद्रप्रमुखांनाही अडचण नाही. बदललेले प्रश्न एकत्र करून बालभारतीला लेखी पाठवा, धड्याचं नाव आणि पान क्रमांकासकट. ‘पुस्तकात आमची संस्कृती नाही’ अशा पत्रावर संपादक काहीच करू शकत नाही. पान क्रमांक आणि पर्यायी प्रश्न हातात असला तर पुढच्या आवृत्तीत तो घालता येतो.